सूचना : लग्नासाठी शहरात येणाऱ्या सर्वांसाठी

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या दुपारपर्यंत पोहोचावे. लग्नाच्या सकाळची गाडी धरली आणि ती दोन तास लेट झाली, तर नेमका मुख्य विधीच चुकतो.

लग्नाचे कपडे, दागिने आणि रोजची औषधे हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानाने येत असाल तर पॉवर बँकही तिथेच. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. रेशमी कपड्याच्या घडीत मऊ कागद घाला म्हणजे कडक मोड पडत नाही. सेंट थेट रेशमावर मारू नका, डाग पडतो.

नातेवाइकांच्या भेटी शहराच्या दोन टोकांना एकाच दिवशी ठरवू नका, अर्धा दिवस रस्त्यातच जातो. एका भागातली घरे एकत्र घ्या, दिवसाला फार तर तीन. निघण्याआधी फोन करून किती जण येतोय ते सांगा. वयस्कर मंडळींना मात्र लग्नाआधीच भेटा. नंतर ती थकलेली असतात, आणि निवांत बोलणे राहून जाते, याची खरोखर चुटपुट लागते.

एकाच नावाचे दोन हॉल असू शकतात, म्हणून पत्रिकेवरचा पूर्ण पत्ता ताडून मॅपचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पोहोचण्याची वेळ आणि माणसांची संख्या उद्या रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवावी.