मुंबई दर्शन व चित्रनगरी सहल: येत्या शनिवारी

सर्व सभासदांना नमस्कार,

बस तलावपाळीहून सकाळी ६.३० ला सुटेल. सव्वासहापर्यंत पोहोचा. कोणासाठीही थांबता येणार नाही, कारण चित्रनगरीतली फेरी ठरलेल्या वेळेची आहे.

आधी गेटवे, मग काळा घोडा. तिथल्या जुन्या वॉटसन हॉटेलसमोर पाच मिनिटं नक्की उभे राहू. ७ जुलै १८९६ रोजी भारतात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली, ती याच इमारतीत! इमारत जीर्ण आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहायची. सीएसएमटी बसमधून दिसेल. मरीन ड्राइव्हवर चहा.

जेवण करून दुपारी २ ला गोरेगाव. चित्रनगरी १९७७ साली राज्य सरकारने उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचं नाव दिलं. गाईड सोबत असेल. सेटची भिंत जवळून जरूर पाहा: समोरून दगडी वाडा, मागून प्लायवूड आणि बांबूचे टेकू.

कृपया लक्षात ठेवा:
• शूटिंग चालू असेल तिथे फोटो, व्हिडिओ नाही. मोबाइल सायलेंट.
• गट सोडून झाडीकडे जाऊ नका. लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्याचा वावर असतो.
• आधार कार्ड, रोजची औषधं, पाणी, टोपी.

कलाकार दिसतीलच असं नाही, हे नातवंडांना आधीच सांगून ठेवा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मला कळवा, पुढच्या सीट त्यांच्यासाठी ठेवते.

उरलेले पैसे बुधवारपर्यंत कोषाध्यक्षांकडे द्यावेत. परत ठाण्यात रात्री ८ पर्यंत.

– सचिव