मथळ्यातला प्रश्न कुणाचा, तेही छापायला लावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रेस परिषद, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

पत्रकारांसाठीच्या आपल्या आचारसंहितेत मथळ्यांबद्दल एक फार चांगला नियम आहे. मथळ्यात आरोप असेल तर तो करणाऱ्याचे नाव द्यावे, निदान आरोप अवतरणचिन्हांत ठेवावा. पण प्रश्नचिन्ह लावले की या नियमातून सहज सुटता येते. ‘अमुक नेत्याने भूखंड लाटला’ असे छापायला पुरावा लागतो. ‘अमुक नेत्याने भूखंड लाटला?’ याला काहीच लागत नाही, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात भूखंड तेवढा राहतो.

डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८१ साली हेच तपासले होते. थेट आरोपाच्या मथळ्याने माणसाविषयी जेवढे वाईट मत झाले, जवळपास तेवढेच प्रश्नार्थक मथळ्यानेही झाले.

२०२० आठवा. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर ‘आत्महत्या की हत्या?’ हा प्रश्न महिनोन्‌महिने हलला नाही. ऑक्टोबरात एम्सच्या डॉक्टरांनी हत्येची शक्यता फेटाळली. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला तो थेट २०२५ मध्ये. तोवर त्या प्रश्नाचा रोख ज्यांच्याकडे होता, त्यांची देशभर बदनामी होऊन गेली होती. दाद मागायला जावे तर उत्तर तयार: आम्ही फक्त विचारले. वाहिन्या आपल्या कक्षेत येत नाहीत हे खरे, पण याच प्रकरणानंतर, जानेवारी २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने माध्यम-खटल्यांबाबतची, म्हणजे न्यायालयाआधी माध्यमांनीच एखाद्याला दोषी ठरवण्याबाबतची, परिषदेची तत्त्वे त्यांनाही लागू केली. आपल्या शब्दाला वजन आहे.

प्रश्नार्थक मथळ्यांवर बंदी मात्र नको. टिळकांनी १८९७ मध्ये ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले, तेव्हा कोण विचारतो आहे हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. तो अग्रलेख होता, त्यातले मत टिळकांचे होते आणि जबाबदारीही त्यांचीच. बातमीवरचा प्रश्न बेवारस असतो.

तेव्हा त्याच नियमात एक ओळ वाढवा. बातमीच्या मथळ्यातला प्रश्न कुणा व्यक्तीवर किंवा समाजावर संशय घेत असेल, तर तो आरोपच धरावा. संशय कुणाचा ते मथळ्यातच सांगावे आणि उत्तर हाती नसेल तर पहिल्या परिच्छेदात तसे स्पष्ट लिहावे. परिषदेला दंड करता येत नाही, समज देता येते किंवा निषेध नोंदवता येतो. तरीही बदनाम झालेल्या माणसाला तक्रारीत बोट ठेवायला नियम तरी मिळेल. आज तो नाही. परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वृत्तपत्रवाचक, पुणे