इझुमो ताइशाच्या आजोबांना, थँक्यू!

आजोबा, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं आणि हे तुम्ही कधी वाचाल असंही नाही, तरी लिहितेय, कारण जपानमधल्या इझुमो ताइशा या शिंतो देवळात मला जे काही दर्शन घडलं ते निव्वळ तुमच्यामुळे.

खरं सांगू? आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांच्या सवयीने मी आधी जरा सावधच होते, म्हटलं आता शेवटी पैसे मागणार. तुम्ही मात्र फोनच्या ट्रान्सलेटरवर बोलत, काठी टेकत अख्खं आवार फिरवलंत. देवळाच्या दारासमोर फरशीवर ते मोठे गोल आहेत ना, त्यांच्यावरून मी तशीच पुढे गेले असते, तुम्ही थांबवून सांगितलंत की तीन-तीन झाडांची खोडं एकत्र बांधून केलेले, साधारण 3 मीटर रुंदीचे खांब 2000 साली तिथे खोदताना सापडले. आत्ताचं देऊळ 1744 चं, 24 मीटर उंच, आणि जुनं याच्या दुप्पट होतं म्हणे! मान वर करूनच दुखायला लागली.

बहुतेक शिंतो देवळांत दोन टाळ्या वाजवतात, इथे चार, तेही तुम्हीच शिकवलंत. पण सगळ्यात भारी म्हणजे पश्चिमेची बाजू. देऊळ दक्षिणमुखी आणि आत ओकुनिनुशी देवाचं आसन मात्र पश्चिमेला तोंड करून, म्हणजे समोरची एवढी गर्दी देवाच्या कुशीला हात जोडतेय आणि समोरासमोरची जागा इकडे कडेला, जिथे तेव्हा आपण दोघंच होतो.

मागे सुसानोओचं, म्हणजे ओकुनिनुशीच्या सासऱ्याचं, छोटं देऊळ. ज्या सासऱ्याने जावयाला सापांच्या खोलीत झोपवलं तोच आता जावयाच्या पाठीशी उभा, मला हसूच आलं. तिथे इनासाच्या किनाऱ्यावरची वाळू ठेवून तिथली कोरडी वाळू घरी न्यायची असते, माझ्याकडे कुठली असायला, तर तुम्ही तुमच्या पिशवीतली अर्धी मला दिलीत. कोण देतं हो असं अनोळखी माणसाला!

ओकुनिनुशीलाच लोक दाइकोकू, म्हणजे जपानचा समृद्धीचा देव, मानतात आणि दाइकोकू म्हणजे मूळचा आपला महाकाल, हे आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली मलाही यायचंय. जुन्या कॅलेंडरच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव तिथे मुक्कामाला येतात, त्यांच्या त्या लांबलचक खोल्या तुम्ही दाखवल्यात ना, त्याच दिवसांत तिला घेऊन येईन म्हणते. भेटलात तर वाळू या वेळी मी आणते, तुमच्या वाटची पण.