‘चौकशी पाठवणाऱ्यानं करावी’: युनिव्हर्सल पोस्टल युनियनच्या महासंचालकांना खुलं पत्र

मा. महासंचालक,
युनिव्हर्सल पोस्टल युनियन, बर्न.

महोदय,

सादर नमस्कार. पत्रास कारण की, परदेशात राहणाऱ्या एका माणसाच्या नावानं निघालेलं पार्सल नुकतंच आल्या वाटेनं परत गेलं. पत्ता बरोबर होता, फोन नंबर बरोबर होता, ड्युटी भरायची तयारी होती. तरी बटवड्याला न निघता ते माघारी फिरलं. पत्त्यावरच्या पोस्टात विचारणा केली तेव्हा उत्तर मिळालं, ‘चौकशी पाठवणाऱ्यानं त्याच्या देशात करावी.’

हे उत्तर देशोदेशीच्या खिडक्यांवर पाठ झालेलं आहे. आधार दिला जातो तो तुमच्याच, म्हणजे देशोदेशीच्या पोस्टांना बांधणाऱ्या संघटनेच्या, करारातल्या कलमाचा: टपालाची वस्तू हक्काच्या माणसाच्या हाती पडेपर्यंत पाठवणाऱ्याच्या मालकीची असते. कलम खरं आहे. पण त्याच करारात आणखी एक कलम आहे, ते मात्र खिडकीवर कुणाला आठवत नाही. पार्सल, रजिस्टर्ड किंवा विमा उतरवलेली वस्तू कुठल्याही देशात पोस्टात टाकलेली असो, तिची चौकशी प्रत्येक पोस्टानं स्वीकारलीच पाहिजे. अट एकच, पोस्टात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत ती यावी. त्यासाठी सीएन ०८ नावाचा फॉर्मही तुम्हीच करून ठेवलाय. तो एकदा खिडकीवर मागून पाहा. (तुम्ही मागून पाहा. आमचं मागून झालंय.)

आणि हा पाठवणारा असतो कोण? कधी जिना उतरणंही अवघड झालेली आई. कधी तिसऱ्याच देशातलं ऑनलाइन दुकान. कधी पदवीचं प्रमाणपत्र रवाना करून मोकळं झालेलं विद्यापीठाचं कार्यालय, जिथं पावती कुठं ठेवली हे कुणालाच सांगता येत नाही. चौकशीला पावती लागते, कस्टमच्या घोषणापत्राची प्रत लागते, आत काय होतं आणि किती किमतीचं होतं याचा तपशील लागतो. म्हणून आता आम्हीच घरच्यांना शिकवतो: खोका बंद करण्याआधी मालाचा फोटो काढा, खिडकी सोडण्याआधी लेबलचा आणि पावतीचा काढा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसटही होऊ शकते, आणि तुमची मुदत सहा महिन्यांचीच.

वस्तू हरवलीच तर भरपाई पाठवणाऱ्याला. रजिस्टर्ड पत्राला ३० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबापुरतं एकक). साध्या पार्सलला जास्तीत जास्त ४० एसडीआर, वर किलोमागं साडेचार. म्हणजे तीन किलोंचं पार्सल गेलं तर साडेत्रेपन्न. हे एकक कुणाच्याच पाकिटात नसतं, ते सोडा. आत मूळ जन्मदाखला होता, तो पुन्हा काढायला किती खेटे पडले, व्हिसाची तारीख हुकली, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही, मतपत्रिका मोजणी आटोपल्यावर आली, हे तुमच्या हिशेबात ‘अप्रत्यक्ष नुकसान’ आणि म्हणून शून्य. पाठवणारा भरपाईचा हक्क पत्त्यावरच्या माणसाच्या नावे सोडून देऊ शकतो, ही तरतूद करारात आहे. ती कुठल्या खिडकीवर लिहून लावलीय, तेवढं कळवावं.

ट्रॅकिंग नंबरकडे या. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. नवव्या आकड्याला काम एकच, आधीचे आठ नीट लिहिलेत का हे पडताळायचं. त्या आठांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं, बेरजेला ११ नं भागायचं, बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५. एक आकडा चुकू नये म्हणून एवढा बंदोबस्त!

त्या पहिल्या अक्षरातच वस्तूचं नशीब लिहिलेलं असतं, हेही कुणी सांगत नाही. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘व्ही’ विमा उतरवलेली, ‘सी’ पार्सल, ‘ई’ म्हणजे ईएमएस, म्हणजे जलद टपाल. ‘एल’नं सुरू होणारी वस्तू ट्रॅक होते, पण रजिस्टर्ड नसते, ‘यू’वाली तर नुसता बारकोड लावलेलं साधं टपाल. चौकशी स्वीकारण्याचं वर सांगितलेलं बंधन या दोघांना लागू नाही. स्वस्तातलं पाठवणं बहुतेक याच दोन अक्षरांत होतं.

पुढं वस्तू सीमा ओलांडते. तिचा प्रत्येक टप्पा ट्रॅकिंगमध्ये एका संकेतानं नोंदला जातो. ईएमडी म्हणजे ती पोचणाऱ्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसात, म्हणजे परदेशी टपाल हाताळणाऱ्या केंद्रात, आली. ईडीबी म्हणजे कस्टमसमोर ठेवली, ईएमई म्हणजे कस्टमनं अडवली, ईडीसी म्हणजे कस्टमनं परत दिली, ईएमएफ म्हणजे एक्स्चेंज ऑफिसातून निघाली. इतके बारीक टप्पे तुमच्या यंत्रणेत आहेत. आमच्या पडद्यावर मात्र सगळ्यांचं मिळून एकच: ‘प्रक्रिया सुरू आहे’. कागद कमी होता, वर्णन पटलं नाही, की ड्युटीची नोटीस निघाली आणि पोचलीच नाही? कारण जागेवर ठाऊक असतं. ज्यानं पैसे भरायचे त्यालाच ते कळत नाही. मग ‘तुमचं पार्सल अडकलंय, या लिंकवर शुल्क भरा’ असे ठकांचे निरोप येतात आणि लोक फसतात. फसणारच. ठक निदान निरोप तरी पाठवतात.

अडण्याची मुळं बहुधा पाठवतानाच्या खिडकीवर असतात. कस्टमच्या घोषणापत्राचे फॉर्म दोन: मूल्य ३०० एसडीआरपर्यंत असेल तर छोट्या पाकिटाला सीएन २२, त्याच्या वर सीएन २३. कागदावर आई व्यवस्थित लिहिते, ‘सुती शर्ट, २ नग’. संगणकात कारकून टाकतो ‘कपडे’, नाहीतर नुसतंच ‘गिफ्ट’. पुढच्या देशाला आधी पोचतं ते संगणकातलं. युरोपीय संघात १५ मार्च २०२१ पासून ही माहिती माल पोचण्याआधीच द्यावी लागते, आणि मोघम वर्णन तिथं अडतं. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, नग, निव्वळ वजन, किंमत आणि तिचं चलन, मूळ देश, आणि जमल्यास सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. भेटवस्तूच्या चौकोनात खूण केली म्हणजे ड्युटी माफ, हा गैरसमज. पॉवर बँक म्हणजे सुटी बॅटरी, ती चालत नाही. उपकरणात बसवलेल्या लिथियम बॅटऱ्या दोन, किंवा सेल चार, एवढीच मुभा.

आणि सर्वांत महागात पडणारा रकाना: घेणाऱ्याचा फोन आणि ईमेल. तो रिकामा सुटला की कस्टमच्या नोटिशीला जायला जागाच उरत नाही. मुदत संपते, पार्सल परत. पार्सलच्या फॉर्मवर ‘बटवडा न झाल्यास काय करावं’ हेही विचारलेलं असतं: लगेच परत करा, इतक्या दिवसांनी परत करा, दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, की सोडून द्या. परत येताना विमानानं की स्वस्तातल्या मार्गानं, तेही. खिडकीवर घाई असते, खूण कुणीच करत नाही, आणि परतीचं भाडं पाठवणाऱ्याच्या माथी बसतं. मालकी त्याचीच ना!

‘मग कुरिअरनं मागवा’ हा सल्ला तयारच असतो. कुरिअरवाले वजन दोनदा मोजतात, एकदा काट्यावर आणि एकदा टेपनं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात दोन किलोंचं पांघरूण असलं तरी बिल ७.२ किलोंचं. वर त्यांनी तुमच्या वतीनं ड्युटी भरली, त्या उपकाराचं वेगळं शुल्क. ज्याला नव्या देशात अजून कर क्रमांक मिळालेला नाही, त्याचं पार्सल तिथंही अडू शकतं. शिवाय त्यांच्यावर तुमचा करार चालत नाही, म्हणजे गाऱ्हाणं न्यायला तुमचंही दार नाही.

२०२५ चा ऑगस्ट आठवावा. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची ड्युटीमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली. त्या दिवशी तिकडं जाणारं टपाल आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटलं, ८८ पोस्टांनी सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवल्याचं कळवलं. आकडे तुमच्याच संस्थेचे आहेत. १०० डॉलरपर्यंतची भेट आणि निव्वळ कागदपत्रं यांना तर नव्या आदेशाची झळ नव्हती, तरी काही ठिकाणी खिडकी सरसकट बंद झाली. ड्युटी आगाऊ भरण्याची सोय तुम्ही आणली ती त्यानंतर. लगेच सप्टेंबरात दुबईला तुमची महासभा भरली. तिथं भाषणं झालीच असतील.

तुमच्या घटनेचं पहिलंच कलम म्हणतं की सगळे सदस्य देश मिळून एकच टपाल क्षेत्र आहे. १८७४ पासूनचा हा विचार, आज १९२ सदस्य. पण व्यवहारात हे एकच क्षेत्र सीमेवरच्या गोदामात दोन होतं: अलीकडचा म्हणतो माल पुढं दिला, पलीकडचा म्हणतो मालक तिकडचा आहे. पोस्टांनी एकमेकांना द्यायच्या बटवड्याच्या दरांवरून अमेरिकेनं २०१८ मध्ये बाहेर पडायची नोटीस दिली, तेव्हा पुढच्याच वर्षी जिनिव्हात असाधारण महासभा बोलावून तोडगा निघाला होता. म्हणजे सरकारांचे पैसे अडकले की संघटनेला पाय फुटतात. ज्याच्या नावानं पार्सल निघालं, तो तिच्या कुठल्याच सभेत बसत नाही, मग त्याच्यासाठी कोण पळणार?

मागणी फार नाही. सीएन ०८ पत्त्यावरच्या माणसाकडून घ्यायला नकार देणाऱ्या पोस्टांची नावं दरवर्षी जाहीर करा. कस्टमनं अडवल्याच्या ईएमई नोंदीसोबत कारण आणि शेवटची तारीख घेणाऱ्याला दिसलीच पाहिजे, हे बंधनकारक करा. घेणाऱ्याचा फोन किंवा ईमेल भरल्याशिवाय पार्सलचं लेबलच निघू देऊ नका. आणि कुठलाही देश सेवा थांबवील तेव्हा निव्वळ कागदपत्रांची खिडकी उघडी राहील, एवढं करारात घाला.

आपला,
परदेशातला एक पत्ताधारक

ता. क. कामकाजात हस्तक्षेप करत नाही, तक्रारीसाठी आपल्या पोस्टाशी संपर्क साधावा, ही तुमच्या संस्थेची भूमिका वाचलेली आहे. उत्तर म्हणून तीच पुन्हा पाठवू नये.