बावस्कर सर, आईचे पाय गरम झाले त्या रात्रीबद्दल तुमचे आभार

आदरणीय डॉ. हिंमतराव बावस्कर सर,
सप्रेम नमस्कार.

सर, तुम्ही मला ओळखत नाही आणि आपली कधी भेट पण झालेली नाही. आमच्या घरातलं कुणी तुमच्या महाडच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट पण नव्हतं. तरी आमच्याकडे तुमचं नाव घरच्या माणसासारखं निघतं, आणि गेली कित्येक वर्षं मी ठरवतेय की एकदा तुम्हाला नीट लिहायचं. उघड लिहितेय कारण मला खात्री आहे की लाल विंचवाच्या विषावर तुम्ही शोधलेल्या उपायामुळे जगलेली अशी खूप माणसं असतील ज्यांना तुम्ही कोण हेच माहीत नाही, त्यांच्यापैकी दोन-चार जणांनी जरी हे वाचलं तरी मला बरं वाटेल.

आमचं गाव पोलादपूरच्या बाजूला डोंगरात आहे. आता मी पनवेलला एका मेडिकलमध्ये फार्मसिस्ट आहे, पण सगळं बालपण तिकडेच गेलं. आमच्याकडे लाल विंचू म्हटलं की लहान पोरं पण गप्प होतात. दिसायला एवढासा, बोटाएवढा पण नाही, आणि असतो कुठे तर जिथे रोज हात घालायचा तिथेच. लाकडाच्या मोळीत, गोवऱ्यांच्या ढिगात, गडग्याच्या दगडांत, कौलाखाली, चपलेत. पाऊस संपून भातकापणी सुरू झाली की आणि मग परत उन्हाळ्यात, हे दिवस जास्त वाईट. चप्पल झटकल्याशिवाय घालायची नाही हे आम्हाला अक्षर ओळखायच्या आधी शिकवलं जायचं, आणि आजसुद्धा पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी चप्पल झटकूनच घालते.

माझी एक आते होती, बाबांची मोठी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. लग्न ठरलेलं होतं आणि गवत काढताना तिला विंचू चावला. आजी सांगायची ते मला पाठ आहे. आधी हाताला कळ, मग घाम, इतका घाम की परकर पोलकं भिजून गेलं, मग उलट्या, मग हातपाय बर्फासारखे गार, आणि मग रात्री श्वास लागला आणि तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. गावातल्या जाणत्या माणसाला बोलावून उतरवून झालं, पाला लावून झाला, शेवटी डोलीत घालून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आणली. ही गोष्ट तुम्ही महाडजवळ बिरवाडीला डॉक्टर म्हणून यायच्या आधीची. आजी कुणालाच दोष द्यायची नाही, म्हणायची तेव्हा कुणाला काय करायचं तेच ठाऊक नव्हतं ग. आणि ते खरंच होतं. मी फार्मसीला गेल्यावर वाचलं तेव्हा कळलं की गावच नाही, मोठमोठ्या पुस्तकांत पण लाल विंचवाच्या पेशंटला नक्की काय द्यायचं याचं धड उत्तर नव्हतं.

मांत्रिकावर लोकांचा विश्वास का बसायचा ते पण मला तुमचं काम वाचल्यावर समजलं. बहुतेक वेळा विंचू चावला की नुसती कळ येते आणि काही तासांनी आपोआप उतरते. मग ज्याने मंत्र टाकला त्याचं नाव होतं. पण काही जणांच्या बाबतीत विष रक्तात जाऊन वेगळंच सुरू होतं, आणि नेमके त्यांचेच पहिले तास मंत्रात निघून जायचे. हे दोन प्रकारचे पेशंट वेगळे ओळखायचे कसे हे तुम्ही शोधलंत. कळ किती आहे हे नाही बघायचं, घाम बघायचा, उलटी बघायची, हातपाय गार पडतायत का ते बघायचं. ते तुम्ही 1982 साली लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय जर्नलमध्ये लिहिलंत. जालन्याच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा शेतकऱ्याचा मुलगा, मिळेल ते काम करत शिकलेला, नागपूरहून डॉक्टर होऊन 1976 ला बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो आणि तिथून थेट लंडनच्या जर्नलमध्ये लिहितो. मला हे नुसतं टाईप करताना पण भरून येतं सर.

आणि तुम्ही ते कसं शोधलंत, तर पेशंटच्या उशाशी बसून. कुठलं मोठं मशीन नाही, लॅब नाही. रात्र रात्र बसून नाडी, बीपी, छातीचा आवाज, पायाचा गारठा, सगळं लिहून ठेवायचं. त्या केंद्रावर त्याआधीही विंचवाचे पेशंट आलेच असतील, पुढेही आले असते. पण माणूस का दगावतो हे कुणीतरी बसून बघायला हवं होतं, ते तुम्ही बघितलंत. विषामुळे शरीरातली ती घाबरल्यावर सुटणारी रसायनं बेफाम सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं, हृदयावर एवढा लोड येतो की ते दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. आतेच्या तोंडाला आलेला फेस तो हाच. आजीला मी हे एकदा समजावून सांगितलं होतं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली म्हणजे मंत्र चुकला नव्हता तर. तिला इतकी वर्षं वाटायचं की आपलंच काहीतरी करायचं राहिलं.

मग तुम्ही पुण्याला बी. जे. मेडिकलमधून एमडी केलंत. एमडी झालेला माणूस त्या काळात मुंबई-पुण्यात कुठेही बसला असता आणि कुणी काही म्हटलं नसतं. तुम्ही परत आमच्याकडे आलात, पोलादपूरला, मग महाडला. रक्तवाहिन्या सैल करणारं औषध सलाईनमधून द्यायचा उपाय तुम्ही आधी केलात, पण त्याला डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, प्रत्येक खेड्यात ते कसं जमणार. म्हणून मग प्रॅझोसिन. बीपीची साधी गोळी, तोंडाने द्यायची, स्वस्त, कुठल्याही केंद्रावर ठेवता येईल अशी. 1986 ला ते पण लॅन्सेटमध्ये आलं. पूर्वी विष चढलेल्या 100 पेशंटपैकी 30 ते 40 जायचे, ते प्रमाण तुमच्या उपचारांनी 1-2 वर आलं. मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, तुम्ही असा उपाय शोधलात जो तुमच्याशिवाय चालतो. तुम्ही तिथे असायची गरजच नाही.

आणि आमच्याकडे तसंच झालं.

मी दहावीत होते, दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आई तिन्हीसांजेला चुलीसाठी लाकडं काढायला गेली आणि तिला चावला. बाबा खळ्यावर होते. तिने आधी सांगितलंच नाही, म्हणाली काटा लागला असेल, भाकऱ्या टाकत बसली, आणि मी बघितलं तर कपाळावरून घाम निथळतोय आणि तव्यावरची भाकरी जळतेय तरी तिचं लक्ष नाही. मग उलटी झाली. आजीने तिच्या पायाला हात लावला आणि एकदम ओरडली, कारण तिला तो गारठा माहीत होता. शेजारच्या काकांनी कुणाचातरी टेम्पो आणला आणि तासाभरात आम्ही सरकारी दवाखान्यात. तिथे एक तरुण डॉक्टर होते, नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. त्यांनी आईला झोपवलं, बीपी घेतलं, छाती तपासली आणि एक गोळी दिली. एक गोळी! बाबा बघतच राहिले, त्यांना वाटलं होतं मोठी इंजेक्शनं, सलाईन, शहरात न्या म्हणतील. डॉक्टर म्हणाले हिला बसू द्यायचं नाही, उठू द्यायचं नाही, या गोळीने बीपी एकदम पडू शकतं म्हणून आडवीच ठेवायची. आणि मला म्हणाले तू इथे पायाशी बस, पाय हातात धर, गरम व्हायला लागले की मला सांग.

ते काम त्यांनी मला दिलं. मी आईचे पाय धरून बसले. दर थोड्या वेळाने ते येऊन बीपी बघायचे, तीन तासांनी परत गोळी दिली. मध्यरात्रीपर्यंत पाय तसेच, मग घोट्याजवळ थोडं कोमट वाटलं पण मला खात्री होईना, मी गालाला लावून बघितले, आणि पहाटे पहाटे बोटांपर्यंत ऊब आली. मी धावत जाऊन सांगितलं. डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून झोपले होते, उठून आले, स्वतः हात लावून बघितला आणि बाबांना म्हणाले, आता काळजी नको, हे महाडच्या बावस्कर डॉक्टरांनी शोधून काढलंय, त्यांना दुवा द्या. तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं.

सर, त्या माणसाने क्रेडिट स्वतःकडे ठेवलं असतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं. त्यांचेही मी इथे मनापासून आभार मानते, कुठे असतील तिथे.

मी फार्मसीला का गेले असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. घरी कुणाला कल्पना पण नव्हती असं काही शिक्षण असतं. पण मला डोक्यात बसलेलं की एवढीशी गोळी एवढं काम करते तर त्या गोळीत काय असतं हे मला समजलं पाहिजे. आज काउंटरवर प्रॅझोसिनची चिठ्ठी आली, तर ती कुठल्यातरी आजोबांच्या बीपीची असते, मी गोळ्या काढून देते आणि समजावून सांगते की पहिल्या डोसनंतर पटकन उठू नका. माझ्याकडून हे जरा जास्तच आपुलकीने सांगितलं जातं. (आणि हे वाचून कुणी ही गोळी घरात आणून ठेवू नका प्लीज. ती डॉक्टरांनी बीपी बघूनच द्यायची असते. विंचू चावला तर चावलेल्या माणसाला चालवू-धावपळ करू देऊ नका आणि सरळ जवळचं आरोग्य केंद्र गाठा, एवढंच करायचं.)

तुमच्याकडून मी अजून एक गोष्ट घेतलीय, लिहून ठेवायची. आमच्या दुकानात रोज तीच तीच वयस्कर मंडळी येतात, त्यांच्या औषधांची मी एक वही ठेवते, त्यांना विचारूनच. कोण काय घेतं, कधीपासून, काय त्रास होतो म्हणतात. कुणी सांगितलेलं नाही, पगारात पण नाही. पण त्या वहीमुळेच एकदा लक्षात आलं की एक आजोबा दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून एकच औषध दोन वेगळ्या नावांनी घेतायत, म्हणजे डबल डोस, आणि तरी घरचे म्हणतायत चक्कर का येते कळत नाही. त्यांच्या मुलीला फोन करून सांगितलं, डॉक्टरांनी एक बंद केलं, चक्कर थांबली. तुमच्या कामापुढे हे काहीच नाही, पण बसून बघितलं आणि लिहून ठेवलं की दिसतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

तुम्ही नंतरही थांबला नाहीत. 2011 ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये तुमचा तो महाडमधल्या 70 पेशंटचा अभ्यास आला, प्रॅझोसिनबरोबर विंचवाचं विष उतरवणारी प्रतिविष लस पण दिली तर माणूस लवकर सावरतो हा. म्हणजे स्वतःच्याच उपायापेक्षा चांगलं काही आहे का हे तुम्हीच तपासलंत! साठीला आलेल्या माणसाने, ज्याचं नाव आधीच झालेलं आहे त्याने. आणि तुमच्या पत्नी प्रमोदिनी मॅडमचं नाव जवळजवळ प्रत्येक पेपरवर तुमच्याबरोबर आहे, त्याचा उल्लेख लोक फार कमी करतात, मला ते खटकतं. एवढ्या पेशंटच्या नोंदी, एवढ्या रात्री, हे एकट्याचं काम नव्हतं. मॅडम, हे पत्र तुम्हाला पण आहे.

आणि तो 1200 रुपयांचा चेक. एका तपासणी केंद्राने पेशंट पाठवल्याबद्दल तुम्हाला चेक पाठवला आणि तुम्ही तो खिशात न घालता मेडिकल काउन्सिलकडे लेखी तक्रार केलीत. आमच्या लाईनमध्ये काम करणाऱ्या माणसाला विचारा त्याची किंमत काय आहे. रक्कम किती हा प्रश्नच नाही, आपल्याच व्यवसायातल्या लोकांसमोर उभं राहून हे चूक आहे म्हणायला जे लागतं ते पेपर लिहिण्यापेक्षा अवघड असणार असं मला वाटतं. ती बातमी मी कापून ठेवलीय.

2022 ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावाकडून फोनवर फोन. आई टीव्हीसमोर बसून होती, बाबांनी पेढे वाटले, आणि ज्यांना का ते माहीत नव्हतं त्यांना आईने आख्खी गोष्ट सांगितली, परत एकदा. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, पण शेतावर जाते, माझ्या मुलीला तिने भातलावणी शिकवलीय. मुलीला आजी आहे, माझ्या भावाच्या पोरांना आजी आहे, आणि आम्हाला इतक्या वर्षांच्या दिवाळ्या आईच्या हातच्या मिळाल्या. हे सगळं सर तुमच्या खात्यात आहे.

आईला मी सांगितलं की तुम्हाला पत्र लिहितेय. ती म्हणाली नुसतं पत्र काय पाठवतेस, नवीन तांदूळ निघाले की दोन पायली घेऊन आपण महाडला जाऊ. तिला नको म्हटलेलं चालत नाही. तेव्हा यंदा भात झोडून झालं की आम्ही येऊ, तुमची ओपीडी संपेपर्यंत बाहेर बसू, दोन मिनिटं भेटलात तरी चालेल. तोपर्यंत तुम्ही आणि मॅडम दोघंही तब्येतीला जपा.

तुमची,
पोलादपूरची एक लेक, सध्या मुक्काम पनवेल