फोन बाजूला ठेवता येईल अशी महाविद्यालयं हवीत

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. अभ्यासिकेत मुलं येतात, पुस्तक उघडतात, फोन उपडा ठेवतात. दोन पानं होईपर्यंत तो पुन्हा हातात असतो. वसतिगृहातल्या मुलांचा दिवसाचा डेटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो, मग झोप लांबतच जाते. सकाळच्या पहिल्या तासाला चेहरे पाहवत नाहीत.

२०१६मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. खेड्यातल्या मुलीला घरबसल्या उत्तम व्याख्यानं ऐकता येऊ लागली, याचं मोल मी जाणते. पण या मुलांच्या हातात फोन सतत ठेवण्यात आमच्या महाविद्यालयांचाही वाटा आहे. वेळापत्रकातला बदल, परीक्षा अर्जाची मुदत, नोट्सच्या पीडीएफ, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं आणि रात्री अकरालाही येतं. जिला फोन बंद ठेवून अभ्यास करायचा आहे, तिलाही तो ठेवता येत नाही. सूचना पाहायला फोन उघडावा आणि पुढचा तास रील्समध्ये जावा, हे रोजचंच. वर आम्हीच तिला व्यसनी म्हणतो. हा अन्याय आहे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५मध्ये कायद्याने बंदी आणली, हे फार बरं झालं. पण त्या नादात झटपट कर्जाच्या ॲपकडून पैसे उचललेल्या मुलाने कोणाशी बोलायचं? घरी तर तो सांगणार नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फोन-इंटरनेटच्या अशा अतिवापरासाठी २०१४पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. नंदुरबारच्या मुलाने तिथवर जायचं का? मी पाहिलेले समुपदेशन कक्ष म्हणजे दारावरची पाटी आणि एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडलेलं जादा काम. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकसुद्धा मुलांना ठाऊक नसतो.

कृपया सरसकट फोनबंदीचं परिपत्रक काढू नका. ही मतदान करणारी मुलं आहेत, झडती घेऊन त्यांची सवय सुटणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला, दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. तो नियम मोठ्यांनाही होता, मला त्यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तसंच आमच्यापासून सुरू करा. प्रत्येक अधिकृत सूचना फलकावर लागलीच पाहिजे आणि संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काही पाठवायचं नाही, असा आदेश द्या. प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयांना मिळून एक तरी पूर्णवेळ, प्रशिक्षित समुपदेशक द्या. आणि अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवू द्या. दाराशी फोन ठेवायला कुलपाचे कप्पे आणि ग्रंथालय परिचराचं एक पद, एवढंच त्याला लागतं. येत्या जूनपासून निदान एका विद्यापीठात हे सुरू व्हावं, ही विनंती.

आपली,
एक ग्रंथपाल