इटलीला येताना मदत केलेल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

मिलानमध्ये आता जरा बस्तान बसलंय म्हणून निवांत लिहितेय. दोन लहान पोरं घेऊन जायचंय म्हटल्यावर घरच्यांपेक्षा तुम्हीच जास्त धीर दिलात. जन्मदाखल्यांचं अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि इटालियन भाषांतर निघायच्या आधीच करून घ्या असं निक्षून सांगणाऱ्या ताईंचे तर पाय धरायला हवेत, आणि लसींचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा म्हणणाऱ्या दादांचे पण, कारण इथे 10 लसी कम्पल्सरी आहेत आणि 6 वर्षांखालच्या मुलांना त्याशिवाय बालवाडीत घेतच नाहीत.

आल्यावर 8 वर्किंग दिवसांत इथे राहण्याच्या परमिटचा अर्ज, त्याचं किट (फॉर्मचं पाकीट) पोस्टात, 16 युरोचा रेव्हेन्यू स्टॅम्प मात्र तंबाखूच्या दुकानात (!), हे कुणी सांगितलं नसतं तर कुठे कुठे भटकलो असतो देव जाणे. पोस्टात धाकटीने भोकाड पसरलं तेव्हा रांगेतला आपला नंबर आम्हाला देणाऱ्या इटालियन आज्जी, तुम्ही हे वाचणार नाही, तरी ग्रात्सिए मिल्ले (खूप खूप थँक्यू)! मेट्रोच्या जिन्यावर न विचारता स्ट्रोलर उचलणारे तर कितीतरी भेटले, नावं कुठे विचारणार.

आणि तूरडाळ इथे मिळते, उगाच आणू नका म्हणणाऱ्या वहिनी, तुमच्यामुळे पोरांची जॅकेटं बॅगेत मावली बरं का.